बापाचं नाव, आयेची कास

बदलापूरचं नाव कसं पडलं, ते आमच्याकडे शाळकरी पोरही सांगतं. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचे स्वार इथे थांबत, दमलेले घोडे देऊन ताजे घेत, म्हणून बदलापूर. पण घोड्यांवरून नाव पडलेल्या या गावाच्या शिवारात माझ्या लहानपणी घोडा दिसायचा तो फक्त लग्नाच्या वरातीत. आमचं धन म्हणजे बैल. भातकापणी आटोपून शेतं वाळली की बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या बाजूला छकड्यांच्या शर्यती लागायच्या, आणि माणसं कामधंदा सोडून बांधावर जमायची.

घोड्यांची ओळख झाली ती थोरल्या मामामुळे. मामा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोतद्दार होता. सुट्टी मिळाली की लोकलने बदलापूरला उतरायचा आणि पिशवीतून खाऊबरोबर एखादं जुनं रेसबुक काढायचा. ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. त्यात प्रत्येक घोड्याच्या नावापाशी त्याच्या बापाचं आणि आईचं नाव छापलेलं असे. आजा ऐकून थक्क झाला होता.

"आपल्या सातबाऱ्यावर लेकीचं नाव चढवाला लोक कुरकुरतात, आन् तिथं घोडीचं नाव छापतात?"

"छापतात म्हणजे? त्याबिगर घोडा पळूच देत नाय," मामा म्हणाला.

मग मामा सांगत बसायचा. काही त्याने सांगितलेलं, काही मी पुढे वाचलेलं. शर्यतीच्या या थरोब्रेड घोड्यांचे मूळ पुरुष तीनच: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. सुमारे 300 वर्षांपूर्वी ते विलायतेत नेले गेले. 1791 मध्ये तिथे घोड्यांच्या वंशावळीचं पुस्तक निघालं आणि तेव्हापासून प्रत्येक शिंगराची नोंद होत आली. 1764 साली जन्मलेला एक्लिप्स नावाचा घोडा 18 शर्यती पळाला आणि एकदाही हरला नाही. आजच्या 100 थरोब्रेड घोड्यांतल्या 95हून अधिक घोड्यांची बापाकडची रेघ त्याच्यापाशी जाऊन पोचते.

मामा 'स्टॅलियन' म्हणायचा, आजा म्हणायचा 'घोड्यांचा वळू'. घोडी पोटात अकरा महिने वाढवून वर्षाला एक शिंगरू देते. नामांकित वळू एका हंगामात शंभरावर घोड्या फळवतो. म्हणून गाजावाजा वळूचा. अमेरिकेत स्टॉर्म कॅट नावाच्या वळूची एका घोडीमागची फी 5 लाख डॉलरपर्यंत चढली होती. आणि यात इंजेक्शन-नळी चालत नाही. घोडी वळूला प्रत्यक्षच दाखवायची, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. आमच्या गुरांच्या दवाखान्यात तेव्हा बरोबर उलटी हवा होती. वळू मोडा, नळी घ्या.

याच दिवसांत आमच्या पाखऱ्याचा प्रश्न उभा राहिला.

पाखऱ्या घरच्या चांदी गायीचा गोऱ्हा. चांदी गावठी, अंगाने लहान. बाप गावाचा वळू, तोही गावठीच. म्हसा यात्रेतून आणलेल्या उंच, पांढऱ्याशुभ्र खिल्लारांपुढे पाखऱ्या अगदी साधा दिसे. पण दुसा असतानाच तो छकड्याला असा पळाला की खालापूरकडचा एक गाडीवाला दुसऱ्या दिवशी ओटीवर येऊन बसला. त्याने सांगितलेल्या पैशात कौलं जाऊन घरावर स्लॅब पडला असता. त्याचा पहिला सवाल, "बाप कोन याचा?"

आजा म्हणाला, "बापाचं नाव काय पुसता? आयेची कास बघा, खूर बघा."

बाबांना पाखऱ्या विकायचा होता. ताईचं लग्न ठरत आलेलं, हातात दमडी नाही. पण गावचा म्हातारा वळू आदल्या पावसाळ्यात गेला होता. माजावर आलेली गाय लोकांना दोन-तीन कोस चालवत न्यावी लागे. पाखऱ्या विकला तर वळू नाही. बडवून नांगराला जुंपला तरी नाही. आजाने मामालाच विचारलं, "पावणं, तुमच्यात काय करतात?"

मामा म्हणाला, "चांगला घोडा तीन-चार वर्षांचा झाला की पळवायचं थांबवतात. शर्यतीचा पैसा एकदाच भेटतो. शिंगरं मागं राहतात."

"आन् शिंगरं पळली नाय तर?"

मामाने खोटं सांगितलं नाही. सेक्रेटेरिएटची गोष्ट त्याने सांगितली. 1973 साली अमेरिकेतल्या बेलमाँटच्या शर्यतीत हा घोडा 31 घोड्यांच्या लांबीइतका पुढे राहून जिंकला. तिथली त्याची वेळ आजही कोणी मोडलेली नाही. पण त्याची तोडीस तोड निघालेली पोरं थोडी. उलट नॉर्दर्न डान्सर शिंगरू असताना इतका बुटका, की 25 हजार डॉलरला त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढे त्याच्या वंशाने जगभरची मैदानं व्यापली. त्याचाच एक मुलगा रझीन. 1990च्या विलायती डर्बीत सगळ्यांची मदार त्याच्यावर, आणि तो पार मागे पडला. नंतर तो भारतात आला, हरियाणाच्या उषा स्टडमध्ये राहिला, आणि त्याची पोरं वर्षानुवर्षं आपल्याकडच्या मोठ्या शर्यती मारत राहिली.

"म्हंजे पळणं येगळं आन् देणं येगळं," आजा म्हणाला. पाखऱ्या विकला नाही, बडवलाही नाही. गावाला वळू म्हणून ठेवला.

ताईचं लग्न कर्ज काढून झालं. ते फेडायला बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीच्या कामाला लागले. तो अख्खा पावसाळा ते आजाशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट आई दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढायची.

पाखऱ्याचे गोऱ्हे शर्यतीत काही चमकले नाहीत. एखाददुसरा पळाला, बाकी नांगराला गेले. लोक बाबांना ऐकवायचे, "म्हाताऱ्यानं लाख घालवले." बाबा गप्प राहायचे. कालवडींचं मात्र कोणी मोजलं नाही. त्या मोठ्या होऊन शांत, दुधाला बऱ्या निघाल्या, आणि त्यांच्या पोटचे गोऱ्हे पळू लागले. तोवर आजा नव्हता.

सेक्रेटेरिएटची उरलेली गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याची एक मुलगी टर्लिंग्वा. तिचा मुलगा तो 5 लाख डॉलरवाला स्टॉर्म कॅट. दुसरी मुलगी वीकेंड सरप्राइज. तिचा मुलगा ए. पी. इंडी, 1992 साली बेलमाँट जिंकलेला आणि पुढे स्वतःही नामांकित वळू. बापाचं राहिलेलं लेकींनी पुरं केलं होतं. आजाला हे सांगायला हवं होतं.

पुढे गुरचरण गेलं, भातखाचरांवर इमारती आल्या, आणि ठेवायला जागाच नाही म्हणून गावाने गुरं विकली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा दावणी आधीच अर्ध्या रिकाम्या होत्या. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 रोजी न्यायालयाने कायदाही कायम ठेवला. आता पुन्हा छकडे पळतात, आणि गाजलेल्या बैलाचा खोंड म्हटलं की लोक मोबाइलवर फोटो मागवून किंमत करतात.

पाखऱ्याची एक कालवड आजाने मुरबाडकडे दिलेल्या आत्याला आंदण म्हणून दिली होती. तिची वेल अजून आत्याच्या गोठ्यात आहे. मागच्या पौषात आतेभावाने त्यातला एक खोंड म्हशाच्या बाजारात उभा केला, तेव्हा मी बरोबर होतो. गिऱ्हाइकाने विचारलं, "बाप कोण?" भावाने एका गाजलेल्या बैलाचं नाव सांगितलं. गिऱ्हाईक खूश. मी म्हटलं, "दादा, आईचंही ऐका," आणि एकेक पिढी मागे मोजत पाखऱ्यापर्यंत गेलो. तो माणूस हसला, पण खाली वाकून त्याने खोंडाची खुरं निरखून पाहिली.

घरी परतल्यावर आत्याला समोर बसवून मी सगळी नावं एका वहीत उतरवून घेतली. तिला मधल्या दोन गायींची नावं आठवेनात. शेजारच्या काकींनी ती सांगितली. बाबाही येऊन बसले. वहीत पहिल्या ओळीवर मी पाखऱ्या लिहू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "वर चांदी लिव."