मावळ: नाव दगडातलं

पुण्याहून निघालेली लोणावळा लोकल वडगाव, कान्हे, कामशेत मागे टाकते आणि रुळांच्या दोन्ही अंगांनी भाताची खाचरं लागतात. मळवलीला उतरून कार्ल्याची वाट धरली की लोहगड-विसापूर पाठीशी राहतात. वाटेत कुणालाही ‘मावळ’ म्हणजे काय विचारा, उत्तर एकच: सूर्य मावळतो ती बाजू. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही सगळी खोरी पुण्याच्या मावळतीलाच, त्यामुळे ते लगेच पटतं. इथल्या मावळ्यांना तर शिवरायांमुळे अवघा महाराष्ट्र ओळखतो.

कार्ल्याच्या लेण्यांचा दगड मात्र वेगळं सांगतो. वेहेरगावाहून पायऱ्या चढून, ओटी-नारळाची दुकानं ओलांडून वर आलं की एकवीरा आईच्या देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. लांबी सुमारे १२४ फूट, छताला दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी. दर्शन आटोपून लोक आत डोकावतात आणि उतरायला लागतात. ओसरीतल्या ब्राह्मी ओळींकडे फारसं कुणी पाहत नाही.

त्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचं दान आहे. या लेण्यांना तेव्हा वलुरक म्हणत. इथे पावसाळा काढणाऱ्या भिक्खूंच्या पोटापाण्यासाठी त्याने करजिक गाव दिलं. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हटवलं आणि त्याच गावाबद्दल नवा हुकूम कोरला गेला. राजाचं नाव शिल्लक नाही, पण अभ्यासक तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. हे गाव कुठलं, तर त्या हुकुमानुसार ‘मामालाहारा’तलं. आहार म्हणजे तेव्हाचा जिल्हा, आणि मामाल म्हणजे आपलं मावळ.

त्याच हुकुमात गावाला ‘गाम’ म्हटलं आहे. गामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसंच मामालचं मावळ. सूर्याची व्युत्पत्ती गोड आहे, पण माझ्या मते ती मागाहून चिकटली. नाव त्याआधीच इथे नांदत होतं, शिवकाळाच्या तब्बल पंधराशे वर्षं आधी. आसपासच्या नावांतही लेणी आहेत: लेण्यांच्या आवळीवरून, म्हणजे ओळीवरून, लोणावळा झालं असं सांगतात, आणि वेहेरगावात तर विहार अजून स्पष्ट ऐकू येतो.

एकवीरेला जाल तेव्हा या ओसरीत पाच मिनिटं थांबा. मुलांना ती अक्षरं दाखवा, पण भिंतीला हात लावू देऊ नका. मावळच्या नावाचा एकोणीसशे वर्षांचा दाखला तिथे उघड्यावर आहे.