वीस मीटर

लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे दीड दिवसाचा गणपती असतो. चतुर्थीला इथले दुपारचे चार वाजले, म्हणजे तिकडचे सकाळचे साडेअकरा, की तिच्या मोदकांचे छायाचित्र फेसबुकवर झळकायचे. नीट कळ्या पाडलेले एकवीस मोदक, आणि त्यांच्यामागे जरीकाठी साडी नेसून, नथ घालून ती स्वतः. आम्ही भावंडे इकडून ‘तूप कुठे आहे?’ असे काहीबाही लिहायचो. मग एका वर्षी छायाचित्र आले नाही. पुढच्या वर्षीही नाही. परदेशी गेलेल्या माणसाविषयी आपल्या घरांत जे बोलले जाते ते सगळे बोलून झाले : विसरली, तिकडचीच झाली, आता आपली आठवण कशाला येईल, वगैरे. त्या बोलण्यात माझाही आवाज होता, हे आधीच नोंदवून ठेवते.

२०२३ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले, तेव्हा खरे कारण कळले. ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराची संरक्षणव्यवस्थाच मज्जातंतूंवरचे वेष्टण कुरतडू लागते, असा हा आजार. तो असतो हे आम्हांला ठाऊक होते. तो कसा असतो हे ठाऊक नव्हते. सोमवारी ती स्वयंपाकघरात उभी राहून माझ्याशी गप्पा मारत फोडणी घालायची आणि मंगळवारी तिला चमचा धरवत नसे. बुधवारी पुन्हा बरी. अशाच एका ‘बुधवारी’ आम्ही ॲबी पार्कमध्ये गेलो. शेजारणीचे दीड वर्षाचे मूल ताईने मिनिटभर उचलून घेतले आणि ती मोठ्याने हसली. मी पटकन छायाचित्र काढले. तिचे हसू तिथेच थांबले.

“अगं, हा कुठे टाकू नकोस हं,” ती म्हणाली. “मला त्रास होईल.”

कसला त्रास, हे तिने घरी आल्यावर सांगितले. तिला पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट नावाचा भत्ता मिळतो. २०१३ पासून ब्रिटनमध्ये कामाच्या वयातल्या अपंग व दीर्घकाळ आजारी माणसांसाठी हा भत्ता आहे. त्याचा माणसाच्या उत्पन्नाशी वा नोकरीशी संबंध नाही. काय करता येते आणि काय येत नाही, एवढाच प्रश्न. त्यासाठी १२ कृती ठरवलेल्या आहेत, १० रोजच्या जगण्याच्या आणि २ हिंडण्याफिरण्याच्या. प्रत्येक कृतीला गुण. उभे राहून २० मीटरपेक्षा अधिक चालता येत नसेल, तर हिंडण्याफिरण्याचा वरचा दर मिळतो. २० मीटर म्हणजे आमच्या महाविद्यालयात प्राध्यापक कक्षापासून जिन्यापर्यंतचे अंतर. मी परत आल्यावर पावलांनी मोजून पाहिले.

तिने भरलेल्या अर्जाची प्रत मी तिच्या परवानगीने वाचली. ‘आत्मचरित्र’ हा साहित्यप्रकार मी गेली अठरा वर्षे शिकवते आहे, पण असले आत्मचरित्र कधी वाचले नव्हते. पातेले उचलता येते का, अंघोळ करताना कोणाची मदत लागते का, शौचाला, कपडे घालायला, औषध घ्यायला? प्रत्येक चौकटीत एक ‘मी’ आणि त्या ‘मी’पुढे एक नकार. इतकी पाने, आणि त्यांत एकदाही कोणी हसत नाही. ताई खोटे लिहीत नव्हती. त्या चौकटीत जे मावते तेवढेच ती लिहीत होती. शोकगीत लिहिणाऱ्याला मधेच एखादा विनोद सुचला, तर तो ते कडवे खोडतो. तसे तिने आपल्या आयुष्यातले बुधवार खोडले होते. १२ कृतींपैकी एक आहे ‘इतर माणसांमध्ये मिसळणे’. म्हणजे चार बायकांत बसून आरती म्हणताना निघालेले छायाचित्रसुद्धा कोणाला पुरावा वाटू शकते.

आता कायदा काय म्हणतो? तो खरे तर ताईच्या बाजूने बोलतो. एखादी कृती जमते असे म्हणायचे, तर ती सुरक्षितपणे, धड रीतीने, पुन्हापुन्हा आणि वाजवी वेळात जमली पाहिजे, असे नियमांत लिहिलेले आहे. शिवाय पाहायचे असते ते निम्म्याहून अधिक दिवस काय घडते ते. किती समंजस वाक्ये आहेत ही! रोग्याच्या आयुष्याचा काळ कसा वाचावा हे ज्याला कळते त्यानेच ती लिहिली असणार. पण छायाचित्राला ‘पुन्हापुन्हा’ दाखवता येत नाही. त्याला एकच काळ ठाऊक : त्या क्षणाचा. मूल उचलल्यानंतर ताई दोन दिवस अंथरुणात होती, हे त्या चौकटीबाहेर राहते. (व्याकरणात बोलायचे तर नियम रीतिकाळात लिहिलेला आणि पुरावा साध्या वर्तमानकाळातला. वर्गात हे वाक्य मी मोठ्या ऐटीत टाकले असते.)

सरकार खरोखरच बघते का, हा प्रश्न मीही तिला विचारला. तिच्याबाबतीत कोणी काही पाहिल्याचा कसलाही पुरावा नव्हता. तिला पत्र आले नव्हते, बोलावणे आले नव्हते. पण तिची भीती हवेतून आलेली नाही. डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स या खात्याच्या तपासनिसांसाठी असलेली ९९५ पानांची मार्गदर्शिका प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने मिळवली आणि २०२१ मध्ये तिच्यावर लिहिले. पाळत कशी ठेवावी, इंटरनेटवर उघड्यावर असलेली माहिती कशी तपासावी, हे त्यात आहे. ही तपासणी फसवणुकीचा संशय असेल तिथे करायची, सरसकट प्रत्येकाची नव्हे, असा खात्याचा पक्ष. तो नोंदवला पाहिजे. फसवणूक होतच नाही असेही नाही. चालता येत नाही म्हणणारा माणूस शर्यतीत धावताना सापडल्याच्या बातम्या ब्रिटिश वृत्तपत्रे मोठ्या चवीने छापतात. अमेरिकेत तर २०१९ साली सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनच्या अंदाजपत्रकी कागदांतच, अपंगत्वाचे दावे तपासताना समाजमाध्यमांचा अधिक वापर करता येईल का, याचा विचार चालू असल्याचे नमूद होते.

मला अधिक रस वाटला तो ब्रिटनच्या कायद्यातल्या एका बारीक भेदात. तिथे गुप्त पाळतीचे नियमन २००० सालच्या कायद्याने होते, आणि त्याखालच्या २०१८ च्या सुधारित संहितेत इंटरनेटवरील पाहणीचा वेगळा विचार आहे. एखाद्याचे उघडे पान एकदा चाळणे, ही बहुधा पाळत नव्हे. पण तेच पान पुन्हापुन्हा उघडून त्या माणसाविषयी नोंदी जमवत जाणे ही पाळत ठरू शकते, आणि मग रीतसर परवानगी लागते. म्हणजे माहिती उघड्यावर आहे, एवढ्याने ती कोणीही कशीही गोळा करावी असे होत नाही. आपण नदीवर धुणे धुतो ते उघड्यावरच. म्हणून कोणी रोज काठावर बसून लुगडी मोजावीत का? (इथे फूकोचे नाव घेण्याचा मोह होतो. तो आवरते, आमच्याकडे प्रत्येक चर्चासत्रात ते घेतले जाते आणि मग जेवणाची सुटी होते.)

लुगडी मोजणारे मात्र पूर्वीही होते. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये बेकारांच्या मदतीसाठी ‘मीन्स टेस्ट’ आली आणि माणसे घरात शिरून कुटुंबातली मिळकत, बचत, सामानसुमान पाहू लागली. वॉल्टर ग्रीनवुडची ‘लव्ह ऑन द डोल’ ही कादंबरी १९३३ ची, त्याच काळाची. ऑर्वेलने १९३७ च्या ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये आपल्या ओळखीच्या एका बेकाराची हकिकत दिली आहे. शेजारी गावाला गेला म्हणून याने त्याच्या कोंबड्यांना दाणे घातले. ते कोणीतरी पाहिले आणि वर कळवले : याला कोंबड्यांना दाणे घालण्याची नोकरी लागली आहे. ते खोडून काढताना त्याच्या नाकी नऊ आले. ही हकिकत मी पूर्वी दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा हसले होते. ॲबी पार्कनंतर तिसऱ्यांदा वाचली तेव्हा कोंबड्यांच्या जागी ते दीड वर्षाचे मूल दिसू लागले.

इंग्रजीत या माणसाला ‘क्लेमंट’ म्हणतात, दावा सांगणारा. आपण ‘लाभार्थी’ म्हणतो. इंग्रजी शब्दात निदान हक्काची धग आहे. आपल्या शब्दात हात पसरलेला आहे. लाभार्थी आणि विद्यार्थी ही दोन्ही एकाच घडणीची. पण विद्या मागणाऱ्याकडे आपण कौतुकाने पाहतो, लाभ मागणाऱ्याकडे नाही. आणि एकच माणूस दोन्ही असला, तर?

इथवर मी ताईच्या आणि ऑर्वेलच्या आडोशाने लिहीत आले. २०१६ सालची एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय वरच्या कशालाही अर्थ नाही. आमच्या महाविद्यालयात गरजू विद्यार्थ्यांसाठी एक छोटा निधी होता. अर्ज यायचे, आम्ही तिघे प्राध्यापक बसून ते लावायचे. द्वितीय वर्ष कलाशाखेच्या एका मुलीचा अर्ज होता. वडील शेतमजूर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडलेला, अक्षर वळणदार. आमच्यातल्या एका सरांनी भ्रमणध्वनी पुढे केला. “हे बघा तुमचं गरीब लेकरू.” फेसबुकवर ती कोणाच्या तरी लग्नात उभी होती. अंगावर पैठणी, गळ्यात ठुशी आणि बोरमाळ, हातभर बांगड्या. आम्ही हसलो. मीही हसले. कसली मार्गदर्शिका नव्हती, संहिता नव्हती, परवानगी नव्हती. चहा होता आणि एक भ्रमणध्वनी होता. तिचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला. ती विचारायला आली तेव्हा “यंदा अर्ज फार होते गं” असे मीच तिला सांगितले. तृतीय वर्षाला ती आमच्याकडे नव्हती.

पुढे दोनेक वर्षांनी गावातल्या एका कापडाच्या दुकानात तिने मला साड्या दाखवल्या. बहिःस्थ म्हणून बी.ए. पूर्ण करते आहे, म्हणाली. मी चौकशी केली, कौतुक केले, एक साडी घेतली. पिशवी हातात देताना ती अगदी सहज म्हणाली, “मॅडम, ते एक ग्रॅमचं होतं. पैठणी काकूची.”

मला काही क्षण समजलेच नाही. मग समजले. छायाचित्र बघता बघता सरांच्या अंगठ्याने त्याला नकळत पसंती दिली होती. अर्ज लागायच्या दिवसांत, दीड वर्षापूर्वीच्या छायाचित्राला, सरांची पसंती. ते तिने पाहिले, आणि पुढचे सगळे तिला वाचता आले. आम्हां तिघा वाङ्मयाच्या पदव्युत्तर माणसांना एक छायाचित्र वाचता आले नव्हते. तिने एका अंगठ्यावरून आमची बैठक वाचली.

निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे वाक्य मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहिते. कवितेतल्या ‘मी’ला कवीच्या घरचा पत्ता विचारू नका, असे मुलांना बजावते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना सांगते, की या बाईने एवढे सोसले आणि किती हसत लिहिले आहे पाहा. हसणे हे सोसले नसल्याचे लक्षण नव्हे. मग लग्नातल्या पैठणीत ती मुलगी मला शेतमजुराची का दिसली नाही? गरीब माणसाने सजून उभे राहावे, आजारी माणसाने मोदक करावेत, याला आपण साहित्यात ‘जीवनेच्छा’ म्हणतो आणि अर्जाच्या गठ्ठ्यात ‘विसंगती’. बरे, आमच्या निधीतून जी रक्कम मिळायची ती त्या वेळच्या माझ्या एका महिन्याच्या पेट्रोलइतकीही नव्हती. माझ्या सहलींची छायाचित्रे मी बिनदिक्कत टाकत होते आणि माझ्या पगारपत्रकाशी ती कोणी ताडून पाहत नव्हते.

ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये आणखी एक कायदा झाला. काही भत्ते घेणाऱ्यांच्या खात्यांत नियमबाह्य वाटावे असे काही दिसले, तर ती माहिती बँकांनी खात्याला द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. ताईचा भत्ता त्या यादीत नाही. हे मी तिला दूरध्वनीवर सविस्तर समजावले, ॲबी पार्कमधल्या छायाचित्रानेही कायद्याने काही बिघडले नसते, हेही सांगितले. ती ऐकत होती. “असेल गं,” ती म्हणाली, “पण समजावून सांगायला मला दर वेळी बरं वाटत असेलच असं नाही ना.”

गेल्या गणपतीनंतर तीन आठवड्यांनी तिचे पाकीट आले, साध्या टपालाने. आत कागदावर छापलेले छायाचित्र : मोदक, नथ, जरीकाठी साडी. मोदक अकराच होते. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात, जरा हललेल्या ओळीत लिहिले होते : ‘सारण माझं, वळले शेजारणीने. फोटोपुरती उभी राहिले, मग खुर्ची. दुसऱ्या दिवशी झोपून.’