गाडीतील बिनतारी संच

दूरध्वनीवर दोन माणसे एकाच वेळी बोलू शकतात, आणि पुष्कळदा तेच करतात. बिनतारी संचावर ती सोय नाही. माइकची कळ दाबली की आपला आवाज जातो. मात्र कळ दाबलेली असेपर्यंत पलीकडचा एक शब्दही आपल्या कानी येत नाही. म्हणून बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणायचे, कळ सोडायची आणि थांबायचे. वेदीवरून प्रवचन करण्यात ज्याची हयात गेली, त्याला ही शिस्त अंगवळणी पडण्यास किती वेळ लागतो, हे आमच्या धर्मग्रामातील श्रद्धावंतांना वेगळे सांगायला नको.

वर्धा जिल्ह्यात आपली कुटुंबे थोडी आणि गावे लांब लांब. सेलूहून बोर धरणाच्या बाजूला वळले की सपाट कपाशीची शेते मागे पडतात आणि टेकड्या व साग सुरू होतो. याच जंगलाला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. आत शिरल्यावर भ्रमणध्वनी कुठे लागतो, कुठे मुका होतो. वनरक्षकांच्या हाती बिनतारी संच दिसतो तो उगाच नव्हे.

जुलै २०२२ मधील अतिवृष्टी जिल्ह्यातील लोक विसरलेले नाहीत. त्याच दिवसांत एका आजीबाईंना रुग्णाभ्यंग देण्यासाठी आम्ही निघालो होतो. वाटेतील नाला पुलावरून वाहत होता. पवित्र तेल आणि ख्रिस्तप्रसाद जवळ ठेवून आम्ही अलीकडच्या काठावर चार तास बसून राहिलो. भ्रमणध्वनी बंद. पाणी ओसरल्यावर पोहोचलो तेव्हा आजीबाईंचे डोळे मिटून तास झाला होता. मुलगी एवढेच म्हणाली, "फादर, तुम्ही निघालात की नाही, हेच आम्हांला कळलं नाही. आई सारखी दाराकडं बघत होती."

ही हकीकत आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त जवानाने ऐकली. सैन्यात त्यांची नोकरी संदेशवहनाची. आता घराच्या गच्चीवर उंच अँटेना उभारून ते हौशी रेडिओचा छंद करतात. धर्मग्रामाच्या जुन्या बोलेरोत संच बसवू, असे त्यांनी सुचवले. मात्र आधी परवाना, असेही बजावले. भारतात केंद्र सरकारच्या परवान्यावाचून असा संच चालवणे हा गुन्हा आहे. परीक्षेत विजेची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कट्ट-कडकट्टही यावी लागते. आम्ही खालच्या श्रेणीवर समाधान मानले. सेमिनरीत तत्त्वज्ञान पाठ केलेल्या डोक्यात ओहमचा नियमही मावतो, असे आढळून आले.

या वाटेने आपले वडीलधारे आधीच गेले आहेत. संत माक्सिमिलियन कोल्बे स्वतः हौशी रेडिओचालक होते, एस.पी. ३ आर.एन. हे त्यांचे संकेतनाम. १९४१ साली औशवित्झच्या छळछावणीत दुसऱ्याच्या जागी मरण पत्करलेल्या या संताला जगभरचे रेडिओचालक आपला आश्रयदाता मानतात. काठमांडूचे येशूसंघीय फादर मार्शल मोरान यांनी तर कित्येक वर्षे नेपाळचा आवाज एकट्याने जगापर्यंत पोहोचवला. ९ एन १ एम.एम. हे त्यांचे संकेतनाम ऐकू आले की देशोदेशीचे लोक कान टवकारीत.

संच बसवायला एक अख्खा दिवस गेला. सिगारेट पेटवण्याच्या खाचेतून वीज घेतली तर संच पुरेशा जोराने बोलत नाही आणि तार तापते; म्हणून बॅटरीपासून थेट जाड तारा ओढल्या आणि दोन्ही तारांना बॅटरीजवळच फ्यूज लावले. इंजिनाच्या पत्र्यातील भोकातून तार आत घेताना तिथे रबरी कडे बसवले, नाहीतर पत्र्याची धार हळूहळू तार कापते. अँटेना टपाच्या मधोमध. तो पत्राही अँटेनेचा अर्धा भागच असतो, असे जवानांनी समजावले. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर; तिचा चौथा हिस्सा म्हणजे अर्ध्या मीटरची ती काडी. अँटेना जोडल्याविना कळ दाबायची नाही, हा नियम त्यांनी आमच्याकडून तीनदा वदवून घेतला. मीटर लावून काडी थोडी थोडी कापली, आणि मगच पहिली हाक दिली.

सेलूपर्यंत आवाज स्वच्छ जातो. टेकडी आड आली की तुटतो. गाडी चार हात पुढे घेतली की कधी पुन्हा जुळतो.

हौशी रेडिओ तिऱ्हाइतांचे खासगी निरोप वाहण्यासाठी नसतो. नैसर्गिक आपत्तीत मात्र अशा निरोपांना मुभा आहे. शिवाय या लहरींवर पडदा नाही; संच असलेला कोणीही ऐकू शकतो. एका तरुणाने विचारले, "फादर, पूर आला तर पापनिवेदन यावरून चालेल का?" चालणार नाही. त्या संस्काराला गुपिताचे कुंपण हवे आणि धर्मगुरूची समक्ष उपस्थिती हवी. नाल्याच्या काठावरून आम्ही आजीबाईंना पापक्षमा देऊ शकलो नसतो. फार तर वर्ध्याला कळवता आले असते, की आम्ही निघालो आहोत, काठावर बसलो आहोत.

तेही पुढे आजीबाईंपर्यंत कसे गेले असते? त्यांच्या गावात संच नव्हता आणि त्या दिवशी फोनही चालत नव्हता. गाडीतला संच अर्ध्या वाटेवर आवाज टाकून थांबतो. हे जवानांच्या ध्यानात आमच्याआधी आले. गावातील शाळेच्या गुरुजींना त्यांनी गाठले. गुरुजी आपल्या धर्माचे नाहीत, पण पुराच्या दिवसांत गाव कसे तुटते ते त्यांनी अनेकदा पाहिले आहे. सध्या दर रविवारी मिस्सा आटोपली की गुरुजी मोटारसायकलवरून धर्मगुरुनिवासात येतात आणि जवानांसमोर वही उघडून बसतात. ओहमच्या नियमापाशी ते अडले होते. गेल्या रविवारी तो सुटला.