स्विचकडे हमाल नसतात!

यवतमाळला शिकायला आलेल्या प्रत्येकाने 'शकुंतला'चं नाव ऐकलेलंच असतं. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ही छोटी रेल्वे आता बंद आहे. तिचे रूळ अडीच फुटी, तर मूर्तिजापूरची मोठी लाइन साडेपाच फुटी. त्यामुळे इथला कापूस मूर्तिजापूरला छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात भरावा लागे. नेटवर्किंगच्या पुस्तकातला 'एमटीयू' मला खऱ्या अर्थाने समजला तो या गोष्टीमुळे!

इथरनेटच्या एका फ्रेममध्ये साधारणपणे 1500 बाइट डेटा मावतो. हाच एमटीयू. हेडर वगैरे धरून फ्रेम होते 1518 बाइटची. काही ठिकाणी 9000 बाइटच्या 'जंबो' फ्रेम वापरतात. मोठं पॅकेट लहान मापाच्या वाटेवर आलं तर राउटर त्याचे तुकडे करून पुढे पाठवू शकतो; तेच मूर्तिजापूरचे हमाल समजा. पण लेयर-2 स्विचकडे असे हमाल नसतात. फ्रेम मापात बसली नाही की तो ती सरळ टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतही नाही.

आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात नेमकं हेच झालं. नव्या पीसीवरून सर्व्हर पिंग व्हायचा, छोट्या फाइल्स सेव्ह व्हायच्या, पण मोठी फाइल टाकली की अडकलीच. होस्टेलच्या लॅपटॉपवरून मात्र तेच काम सुरळीत! मग काय, सगळा राग पीसी बसवणाऱ्या लॅब असिस्टंट भाऊंवर. "पोट्टेहो, म्या काहीच नाही केलं न," ते बिचारे सांगत होते. ऐकतो कोण?

मी आणि माझ्या रूममेटने मोजून पाहायचं ठरवलं. 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून 1472 बाइटचा पिंग दिला, उत्तर आलं. त्यात आयसीएमपीचे 8 आणि आयपीचे 20 मिळवले की बरोबर 1500 होतात. मग 2000 चा दिला. काहीच नाही. सर्व्हर 9000 वर, नवे पीसी आले तेच 9000 वर, आणि मधला जुना स्विच 1500 वर. लॅपटॉप 1500 चेच होते. टीसीपी कनेक्शन जोडताना दोन्ही टोकं आपापलं माप सांगतात आणि लहान माप चालतं, म्हणून त्यांचं निभावत होतं. मधल्या स्विचला कोणी विचारतच नाही!

सरांच्या परवानगीने सगळं 1500 वर आणलं. फाइल्स जायला लागल्या. पण एका जुन्या, 100 एमबीपीएसच्या पीसीवर कोणी कॉपी लावली की सगळी लॅब रखडायची. हा प्रताप फ्लो कंट्रोलचा. 1997 च्या 802.3एक्स स्टँडर्डप्रमाणे बफर भरत आला की स्विच समोरच्याला 'पॉज' फ्रेम पाठवतो. एका पॉजने गिगाबिट लिंक फार तर 33 मिलिसेकंद थांबते, पण पॉज येतच राहिले की थांबतच राहते. आणि थांबते ती अख्खी लिंक, फक्त त्या हळू पीसीचा डेटा नाही. एका बैलबंडीसाठी घाटातल्या सगळ्या एसट्या उभ्या!

सर्व्हरच्या पोर्टवरचा फ्लो कंट्रोल बंद केला. आता हळू पीसीची काही पॅकेट्स गळतात, पण टीसीपी ती पुन्हा पाठवतो आणि वेगही कमी करतो. बाकीच्यांची वाट मोकळी. मात्र बंद ठेवणं हाच नियम, असं समजू नका. स्टोरेजच्या काही नेटवर्कमध्ये पॅकेट गळणं परवडत नाही, तिथे तो लागतो.

सगळ्या ग्रुपची प्रोजेक्ट्स वेळेत जमा झाली. भाऊंना 'सॉरी' म्हणायला मात्र दोघंच गेले. असो. ज्युनिअर मित्रांनो, नेटवर्क अडलं की स्विचच्या पोर्टवर 'जायंट्स' आणि 'पॉज'चे आकडे असतात, ते आधी वाचा. दोन्ही टोकांचा एमटीयू बघा, मधल्या प्रत्येक स्विचचा बघा. माणसाला बोल लावायची वेळ बहुतेक येतच नाही.