विचारायचं राहून गेलं

"मला गावाला न्या." माझ्या वडिलांचं, अण्णांचं, हे शेवटचं वाक्य. गाव बीडकडचं, आम्ही चिंचवडला. मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, "सगळं करा, पैशांची काळजी करू नका." त्याच रात्री घशात नळी गेली. पुढे अकरा दिवस व्हेंटिलेटर, हात कॉटला बांधलेले, भेट संध्याकाळी दहा मिनिटं. बाराव्या दिवशी पहाटे फोन आला. तोंडात पाणी घालायला जवळ आमचं कोणी नव्हतं. आईनं तुळशीपत्र ठेवलं ते अण्णा गेल्यावर.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या आम्हा पोरांना बापावरची माया दाखवायची एकच रीत ठाऊक आहे: कर्ज काढा, पण मोठ्या दवाखान्यात न्या. "आता पुरे" म्हणणाऱ्या मुलाला भावकी माफ करत नाही.

चीनमध्येही असंच आहे हे वाचून मी चकित झालो. तिथल्या 'शू चिंग' या प्राचीन ग्रंथात माणसाची पाच सुखं सांगितली आहेत: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची ओढ आणि पाचवं, चांगलं मरण. तरी मरणाचं नाव घरात काढणं अशुभ, आणि उपचार थांबवणारा मुलगा कृतघ्न. गळलेलं पान मुळाशी जातं तसं माणसानं शेवटी गावी परतावं, असंही तिथे मानतात. तैवानात अखेरचा श्वास घरी जावा म्हणून रुग्णाला दवाखान्यातून घरी नेण्याची रीत आहे. हेच तर अण्णा मागत होते.

आणि आळंदी आमच्यापासून किती लांब? तिथे १२९६ मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी स्वतः वेळ ठरवून, सगळ्यांचा निरोप घेऊन समाधी घेतली. तिथे आम्ही डोकं टेकतो आणि घरातलं म्हातारं माणूस शेवटाचं बोलू लागलं की "अभद्र बोलू नका" म्हणून गप्प करतो.

परिचारिका अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात जवळजवळ बेचाळीस वर्षं भान हरपून अंथरुणावर होत्या. त्यांच्यासाठी केलेल्या याचिकेवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि उपचार थांबवण्याच्या प्रश्नाला कायद्याची वाट फुटली. २०१८ मध्ये न्यायालयानं वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, २०२३ मध्ये ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीनं कोणी बोलायचं, हे त्यात शुद्धीवर असताना लिहून ठेवायचं. उपचार थांबले म्हणजे सेवा थांबते, असंही नाही. वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदना मोफत शमवतं आहे.

अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर मी आईला तिच्या शेवटाबद्दल विचारलं. रडेल असं वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "नळ्या नकोत. कॉट खिडकीपाशी ठेव, आणि तू जवळ बस." तसंच लिहून घेतलं. एक प्रत आमच्या डॉक्टरांकडे आहे, एक देव्हाऱ्याच्या खणात.

तुमच्या घरी हे विचारायचं राहिलं असेल, तर आज जेवणं झाल्यावर विचारा.