दार वाजवून आत या

आज एक चूक कबूल करते.

माझी मुलगी नववीत आहे. दिवाळीची साफसफाई करताना तिच्या गादीखाली एक वही सापडली. मी ती उघडली. वावगं काहीच नव्हतं. मैत्रिणीशी झालेलं भांडण आणि गणित जमत नाही, हे आईला कसं सांगू, एवढंच. रात्री जेवताना मी बोलून गेले, "गणिताचा क्लास लावायचा का गं?" तिचा घास हातातच राहिला. "आई, तू माझी वही वाचलीस?" नंतर कितीतरी दिवस ती फक्त हो-नाही एवढंच बोलायची.

गणिताचं मला कळलं खरं, पण तिने आपणहून सांगायची वाट मीच बंद केली.

आपल्या जिल्ह्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे, बरं का! देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पुढे आधारवरूनच खटला उभा राहिला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेचं १६ वं कलमही मुलांना हेच देतं. वर्गात आपण हक्क शिकवतो आणि घरी दप्तर उपसतो!

तुम्ही म्हणाल, दोन खोल्यांच्या घरात कसला आलाय खासगीपणा? अहो, त्याला वेगळी खोली लागत नाही. एक कप्पा, एक वही, कपडे बदलताना ओढलेला पडदा, मैत्रिणीशी फोनवर दहा मिनिटं. एवढंही पुरतं.

म्हणजे लक्षच द्यायचं नाही का? तसं नाही. कुणी धमकावतंय, पैसे मागतंय, मूल जेवत-झोपत नाही, जिवाचं बरंवाईट करायची भाषा करतंय, तर गप्प बसू नका. पण चोरून नको, समोर बसून विचारा. गरज पडली तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच.

मी लेकीची माफी मागितली. "पुन्हा विचारल्याशिवाय हात लावणार नाही," म्हटलं. ती काही बोलली नाही. महिन्याभराने चाचणीचा पेपर घेऊन स्वतःच जवळ आली, "आई, हे जरा समजाव ना."

वही कुठे असते, ते मला आजही माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.