नावाखालचे अक्षर

वडिलांच्या पश्चात घरी राहिलेला ट्रम्पेट एका विद्यार्थ्याने आम्हांस दाखविला. कर्ण्यावर कोरले होते: 'व्हिन्सेंट बाख'. विद्वत्तेच्या भरात आम्ही त्याचे कूळ थेट थोर जर्मन संगीतकाराशी जोडून दिले. विद्यार्थ्याने ते निबंधात लिहिले. आम्ही गुणही दिले.

पुढे शोध घेतला आणि ओशाळलो. हा व्हिन्सेंट १८९० साली व्हिएन्नाजवळील बाडेनचा. मूळ आडनाव श्रोटेनबाख. शिक्षणाने अभियंता, वृत्तीने वादक. १९१४ मध्ये तो अमेरिकेत आला, १९१८ पासून न्यूयॉर्कमध्ये माउथपीस घडवू लागला, मागाहून ट्रम्पेट. १९५३ मध्ये कारखाना माउंट व्हर्ननला हलला. १९६१ मध्ये तो सेल्मर कंपनीस विकला गेला आणि काही वर्षांत उत्पादन इंडियानातील एल्कहार्टला गेले. हात बदलले, गाव बदलले. नाव तेच राहिले.

नावाखाली बारीक अक्षरांत 'एल्कहार्ट' होतेच. संहितेचे सूक्ष्म वाचन शिकविणाऱ्या आम्ही ते वाचले नव्हते. वाङ्मयीन परंपरा शिकवितानाही आम्ही असेच नावांवर विसंबत आलो काय?

चूक कबूल केली तेव्हा विद्यार्थी क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, बाबा वाजवायचे, एवढं तरी खरं ना?"

तेवढी वंशावळ निर्विवाद होती.